सतरा टनांची शिल्लक



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी विज्ञानाची पहिली अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आणि ज्यांनी ती गिरवून घेतली त्या सरांच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी मिळावी, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. त्याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे.

विषय म्हणून मी फ्रान्सच्या जुन्या लढाऊ पाणबुड्यांचे नाव कळवले, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी हसून विचारले, "बेळगावात पाणबुडी कुठून आणली?" प्रश्न रास्त होता. या गावाला पलटण ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात असल्यामुळे बिगुलाच्या सुरावर घड्याळ लावणारी घरे इथे होती. समुद्र मात्र घाटाखाली राहिला. तथापि माझ्या आजच्या विषयाचे बीज समुद्रात पडलेले नाही. ते या शाळेच्या मागच्या अंगणातील हौदात पडले.

आर्किमिडीजचा सिद्धान्त सर फळ्यावर शिकवीत नसत. ते आम्हांला हौदाकाठी नेत, रॉकेलचा एक रिकामा डबा पाण्यावर सोडत आणि त्यात तांब्यातांब्याने पाणी ओतू लागत. प्रत्येक तांब्यासरशी डबा थोडा खाली जाई. काठ पाण्याला टेकण्यापूर्वी सर हात थांबवीत आणि विचारीत, "आता याच्याजवळ शिल्लक किती?" डब्याचा जेवढा भाग पाण्याबाहेर उरला आहे, तेवढ्यात मावणारे पाणी ही त्याची शिल्लक. दोन तांबे शिल्लक असतील तर तिसरा तांब्या त्याला बुडवील. तो कोणी ओतला, मुद्दाम ओतला की चुकून सांडला, याच्याशी पाण्याला कर्तव्य नाही. पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत या गोष्टीसाठी 'राखीव तरणशक्ती' असा भारदस्त शब्द मला भेटला. पण सरांचा 'शिल्लक' हाच शब्द मला अधिक नेमका वाटतो, आणि आज मी तोच वापरणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रान्सपुढे एक जुनाच प्रश्न उभा होता. समुद्रावर ब्रिटनची सत्ता होती आणि ब्रिटनएवढ्या युद्धनौका बांधणे फ्रान्सला परवडणारे नव्हते. तेव्हा लहान, स्वस्त आणि दिसू न शकणाऱ्या शस्त्राने मोठ्या शत्रूला धाकात ठेवावे, असा विचार तिथल्या नौदलातील एका गटाने मांडला. त्या गटाचे अग्रणी अ‍ॅडमिरल ओब नौदलमंत्री असताना एका प्रायोगिक पाणबुडीचे काम मार्गी लागले आणि १८८८ मध्ये तुलाँ येथे 'जिमनोत' ही नौका पाण्यात उतरली. तीस टनांची ही नौका संपूर्णपणे विजेच्या मोटारीवर चालणारी होती. १८९८ मध्ये आफ्रिकेतील फशोदा येथे ब्रिटन आणि फ्रान्स समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा फ्रान्समध्ये पाणबुडीविषयी एवढा उत्साह संचारला की 'ल मातँ' या वृत्तपत्राने वाचकांकडून वर्गणी गोळा करून नौदलासाठी दोन पाणबुड्यांचा पैसा उभा केला.

तत्पूर्वी, १८९६ मध्ये, नौदलमंत्री लोक्रुआ यांनी उत्तम पाणबुडीच्या आराखड्यासाठी खुली स्पर्धा जाहीर केली होती. एकोणतीस आराखडे आले. त्यांत मॅक्झिम लोबफ या अभियंत्याचा आराखडा सरस ठरला आणि त्यावरून 'नारव्हाल' ही नौका १८९९ मध्ये शेरबूर येथे पाण्यात उतरली. लोबफ यांची कल्पना आज साधी वाटते. त्यांनी नौकेला दोन कवचे दिली. आतले कवच भक्कम, पाण्याचा दाब सोसणारे. बाहेरचे हलके, जहाजासारख्या आकाराचे. दोहोंच्या मधल्या पोकळीत पाणी घेतले की नौका बुडावी, ते बाहेर काढले की वर यावी. पृष्ठभागावर ती वाफेच्या इंजिनावर चाले, खाली विजेवर. आणि विजेचे संचायक घट तिला समुद्रातच पुन्हा भरून घेता येत.

परंतु लोबफ यांच्या विरोधकांचाही पक्ष दुबळा नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की पाणबुडीचा धर्म पाण्याखाली राहण्याचा. शत्रू दिसल्यावर जी नौका बुडायलाच वीस मिनिटे घेते ती काय कामाची? 'नारव्हाल'ला खरोखरच तेवढा वेळ लागत असे. भट्टी विझवायची, धुराडे मिटवायचे, एवढ्या मोठ्या टाक्या भरायच्या, ही सारी उस्तवार होती. त्यापेक्षा एकाच कवचाची, फक्त विजेवर चालणारी, मुळातच पाण्यात जवळजवळ बुडालेली नौका बांधावी. तिला खाली जायला थोडेच पाणी घ्यावे लागेल आणि म्हणून थोडाच वेळ लागेल. या विचारातून गाब्रिएल मोगास या अभियंत्याच्या आराखड्यावरून रोशफोरच्या सरकारी गोदीत एक वर्ग बांधला गेला. तोच आजचा आपला विषय: 'फारफादे' वर्ग.

या वर्गात चार नौका होत्या: 'फारफादे', 'कोरिगान', 'ग्नोम' आणि 'ल्युतँ'. १९०१ ते १९०३ या काळात त्या पाण्यात उतरल्या. चारही नावे लोककथांतून घेतलेली आहेत. घराभोवती, शेताभोवती वावरणारी, माणसाच्या खोड्या काढणारी जी लहानखुरी भुतेखेते, त्यांची ही नावे. एकेचाळीस मीटरांहून थोडी अधिक लांबी आणि तीन मीटरांहूनही कमी रुंदी असलेली ही नौका पाण्यावरून ताशी सुमारे सहा नॉट आणि पाण्याखालून सुमारे चार नॉट वेगाने जाई. चार पाणतीर ती आपल्या अंगाबाहेर वाहून नेई. तिला स्वतःचे घट भरून घेण्याची सोय नव्हती, त्यासाठी बंदरात परतावे लागे.

विद्यार्थी मित्रहो, आता आपण सरांचा डबा पुन्हा हौदात सोडू. पाण्याखाली पूर्ण बुडालेल्या 'फारफादे'चे वजन २०२ टन होते. योगायोग असा, की बुडालेल्या 'नारव्हाल'चे वजनही २०२ टनच होते. पण पाण्यावर तरंगत असताना 'नारव्हाल' ११७ टनांची होती आणि 'फारफादे' १८५ टनांची. वजाबाकी तुम्हीच करा. 'नारव्हाल'ची शिल्लक ८५ टन, म्हणजे शंभराला बेचाळीस. 'फारफादे'ची शिल्लक १७ टन, म्हणजे शंभराला आठ. सतरा टन पाणी म्हणजे सतरा हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारे दहा हजार लिटरचे दोन टँकरसुद्धा त्यात पुरते रिकामे होणार नाहीत.

या शिल्लकीचा अर्थ नीट समजून घ्यावा. पाणबुडी खाली जाते तेव्हा ती ही शिल्लक स्वतःच्या हाताने खर्च करते, टाक्या भरते. वर यायचे तेव्हा टाक्या रिकाम्या करून तीच शिल्लक परत मिळवते. म्हणजे संकटकाळी तिने साऱ्या टाक्या रिकाम्या केल्या, तरी 'फारफादे'ला सतरा टनांपलीकडे काही परत मिळण्यासारखे नव्हते. सतरा टनांहून अधिक पाणी राहत्या भागात शिरले, की टाक्यांच्या जोरावर वर येण्याचा मार्ग संपला.

५ जुलै १९०५. स्थळ उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया, जो त्या काळी फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. तिथल्या बिझर्त बंदराच्या आतील बाजूस, सिदी अब्दल्ला या नौदल-तळाजवळ, 'फारफादे' सरावासाठी बुडण्याच्या बेतात होती. टाक्या भरू लागल्या होत्या. कप्तान लेफ्टनंट रातिये मनोऱ्यात होते. मनोऱ्याचे झाकण नीट बसले नाही हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते ओढून घेण्याची त्यांची धडपड चालू असतानाच पाणी आत घुसले. आत कोंडलेली हवा त्याच वाटेने बाहेर उसळली आणि तिच्या झोतासरशी रातिये आणि आणखी दोघे पृष्ठभागावर फेकले गेले. नौका तळाशी गेली. आत चौदा माणसे राहिली.

पाणी खोल नव्हते. किनारा जवळ होता, गोदी जवळ होती, याऱ्या आणि साखळदंड होते. पाणबुडे खाली गेले तेव्हा त्यांना आतून ठोकल्याचे आवाज ऐकू आले. कोणीतरी जिवंत होते आणि कवचावर ठोकून तसे कळवीत होते. नौकेला साखळदंड बांधून उचलण्याचा प्रयत्न झाला. ते तुटले आणि ती पुन्हा खाली गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत ठोकल्याचे आवाज येत होते. मग ते थांबले. नौका वर आणून गोदीत घ्यायला आणखी कित्येक दिवस लागले.

अशा वेळी जो प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, तोच तेव्हाही लोकांच्या ओठी आला: झाकण कोणी नीट लावले नाही? आपण सारे माणसेच आहोत. दुर्घटनेला चेहरा मिळाला, की मन निवांत होते.

पण याच्या सुमारे एक महिना आधी, ८ जून १९०५ रोजी, इंग्लंडच्या प्लिमथ बंदराबाहेर ब्रिटिश नौदलाची 'ए-८' ही पाणबुडी पृष्ठभागावरून जात असता एकाएकी नाक खाली घालून बुडाली होती. तिचेही वरचे झाकण उघडे होते. तीत पंधरा माणसे दगावली, चार वाचली. नौदल दुसरे, कप्तान दुसरा, समुद्र दुसरा. समान होती ती एकच गोष्ट: तिचीही शिल्लक शंभराला आठ-नऊच्या घरातली होती. दोन निरनिराळ्या देशांतील दोन निरनिराळी माणसे एका महिन्याच्या अंतराने एकाच तऱ्हेने बुडतात, तेव्हा दोष केवळ त्यांच्या हातांत शोधणे पुरेसे नाही. तो गणितातही शोधला पाहिजे.

आणि गणित आपला हिशेब सोडत नाही. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी याच वर्गातील 'ल्युतँ' बिझर्तहून सरावासाठी बाहेर पडली आणि परत आली नाही. ती वर काढून तपासली तेव्हा आढळले, की तिच्या एका टाकीच्या झडपेत दगड अडकला होता. झडप मिटली नाही आणि पाण्याच्या दाबाखाली टाकीची भिंत आतल्या बाजूला फुटली. सोळाच्या सोळा माणसे गेली. या खेपेस झाकण कोणी उघडे ठेवले नव्हते. कोणाचाही हात चुकला नव्हता. एक दगड पुरला.

'फारफादे' दुरुस्त करून १९०९ मध्ये पुन्हा सेवेत घेतली गेली. तिचे नाव मात्र बदलून 'फोले' ठेवले. तेही त्याच खोडकर भुतांच्या कुळातले. जुन्या नावाने तिच्यावर पाय ठेवणे खलाशांना जड गेले असते, हे कोणालाही समजेल.

दरम्यान दोन पक्षांतील वाद प्रत्यक्ष चाचणीने निकालात निघाला होता. १९०५ मध्येच एक कवचाची 'झेड' आणि लोबफ यांची 'एग्रेत' या नौकांची तुलना करण्यात आली आणि कौल 'एग्रेत'च्या, म्हणजे दुहेरी कवचाच्या बाजूने पडला. त्यानंतर फ्रान्सने लोबफ यांच्या आराखड्यावरून 'प्लुव्हियोज' वर्गाच्या अठरा नौका बांधल्या. त्या पाण्यावर ३९८ आणि पाण्याखाली ५५० टनांच्या होत्या. म्हणजे शिल्लक चौथ्या हिश्श्याहून अधिक. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातील महिने आणि वैज्ञानिक यांची नावे या नौकांना दिलेली होती.

गोष्ट इथे संपवली असती तर ती सोपी झाली असती: शिल्लक वाढवली आणि सारे सुखरूप झाले. पण सर असते तर त्यांनी मला इथे थांबू दिले नसते. २६ मे १९१० रोजी कॅलेजवळ 'प्लुव्हियोज' पाण्यातून वर येत असता प्रवाशांची ने-आण करणाऱ्या 'पा द कॅले' या आगबोटीखाली आली आणि सत्तावीस माणसे मृत्युमुखी पडली. ८ जून १९१२ रोजी त्याच वर्गातील 'व्हाँदेमियेर' सरावाच्या वेळी 'सँ-लुई' या युद्धनौकेच्या धडकेने बुडाली; चोवीस माणसे गेली. दुहेरी कवच होते, शिल्लक होती, तरीही. शिल्लक म्हणजे अमरत्वाचे वरदान नव्हे. एखादी लहान चूक, एखादा दगड, एखादे न बसलेले झाकण, एवढ्याने सर्वनाश होऊ नये, एवढेच तिचे काम. आगबोटीच्या आघाताचा विचार वेगळा करावा लागतो आणि त्याची शिल्लक वेगळ्या जागी ठेवावी लागते.

म्हणूनच आजची स्थिती पाहण्यासारखी आहे. आजच्या अनेक पाणबुड्यांत तरणशक्तीची शिल्लक पुन्हा शंभराला दहाच्या आसपास आली आहे. मग 'फारफादे'चा धडा जग विसरले काय? नाही. शिल्लक टनांतून निघून इतरत्र गेली. प्रत्येक झाकण आणि प्रत्येक झडप बंद आहे की नाही, हे दाखवणारे दिवे चालकासमोर असतात आणि ते पाहिल्यावाचून बुडण्याची आज्ञा दिली जात नाही. टाक्या झटक्यात रिकाम्या करण्यासाठी अतिदाबाची हवा भरून ठेवलेली असते. आतील माणसांना बाहेर पडण्याची वाट आखलेली असते. फ्रेंच आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'कलवरी' वर्गाच्या सहा पाणबुड्यांपैकी पहिली १४ डिसेंबर २०१७ रोजी आणि सहावी १५ जानेवारी २०२५ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली. आणि तळाशी अडकलेल्या पाणबुडीला जाऊन भिडेल आणि आतली माणसे बाहेर आणील असे बचावयानही आपल्या नौदलाने २०१८ मध्ये मुंबईत सेवेत घेतले. सिदी अब्दल्लाच्या उथळ पाण्यात त्या दिवशी साखळदंडाव्यतिरिक्त काही नव्हते.

मित्रहो, आता एक गोष्ट सांगतो, जी सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला, असे म्हटले तरी चालेल. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका कारखान्यात नोकरीला असताना, मी एका चौकशी समितीचा सभासद होतो. रात्रपाळीत वाफेची एक झडप अर्धवट उघडी राहिली होती आणि एक तरुण कामगार भाजून दगावला होता. झडप ज्याच्या ताब्यात होती तो माणूस आमच्यापुढे उभा होता. त्याने काही नाकारले नाही. आम्ही दोन बैठकांत काम संपवले आणि अहवालात लिहिले: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याची नोकरी गेली. त्या कागदावर माझी सही आहे.

त्या झडपेचा दांडा उघडा असताना आणि बंद असताना सारखाच दिसे. तिथला दिवा महिनाभर बंद होता. त्या पाळीत त्या माणसाकडे दोन जागांचे काम दिलेले होते. हे सारे आम्हांला ठाऊक होते आणि यांतले काहीही आम्ही अहवालात लिहिले नाही, कारण ते आम्हांला विचारलेच गेले नव्हते. 'चूक कोणाची?' एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आमच्यापुढे हात जोडून उभे होते. 'चूक होणार हे धरून त्याच्यासाठी शिल्लक किती ठेवली होती?' हा प्रश्न मला सुचायला हवा होता. हौदाकाठी तो मला लहानपणीच विचारला गेला होता. पुढे 'फारफादे'ची हकीकत वाचताना ते ठोकल्याचे आवाज मला कानांशी ऐकू आल्यासारखे झाले आणि रातिये यांच्या जागी मला तो हात जोडून उभा राहिलेला माणूस दिसला. त्याला शोधण्याचा मी प्रयत्न केला. तो मला भेटला नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंते होतील, कोणी डॉक्टर, कोणी अधिकारी, कोणी याच शाळेत शिक्षक. तुमच्या हाताखाली माणसे असतील आणि ती चुकतील. चुकणार नाही असा माणूस गृहीत धरून काही बांधू नका: पूल नको, वेळापत्रक नको, परीक्षाही नको. काम लवकर व्हावे म्हणून, खर्च थोडा यावा म्हणून, शिल्लक कापून टाकण्याचा मोह सर्वांना होतो. मोगास यांच्या आराखड्यामागेही मूर्खपणा नव्हता. त्वरेने बुडता यावे ही रास्त अपेक्षा होती. फक्त त्या त्वरेची किंमत कोणाच्या खाती पडणार, हे मांडलेले नव्हते. ते तुम्ही मांडत जा. आणि दुर्दैवाने कधी चौकशीच्या मेजामागे बसण्याची वेळ आली, तर समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्यापूर्वी झडपेकडे पाहा.

सर गेल्यानंतर मी एकदा शाळेत आलो होतो. हौद आता बुजवला आहे, तिथे सायकली लावतात. पण डबा पाण्यात सोडून हात थांबवणारे सर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. काठ टेकण्यापूर्वी ते थांबत. एकदाही त्यांनी तो डबा आमच्यादेखत बुडवला नाही. बुडणे काय असते हे दाखवण्याची त्यांना गरज वाटली नसावी. किती उरले आहे, हे आम्ही मोजावे, एवढेच त्यांना हवे होते.